गोल बाहुली

वीस वर्षं मी संग्रहालयात पालींची चित्रं काढते आहे. घरात पाल निघाली की आमचे हे खुर्चीवर चढतात आणि मी चष्मा शोधते. अशा माझ्या चित्रावर साहेबांनी लाल पेन्सिलीनं शेरा मारला: बाहुली चुकली.

पाल जंगलातली होती. चाळीस वर्षांपूर्वी लाकूडतोड्यांना झाडाच्या सालीखाली सापडलेली, बरणीत ठेवलेली, एकुलती एक. साहेबांनी तीन वर्षं रात्री विजेऱ्या घेऊन ते जंगल पालथं घातलं, पण दुसरी मिळाली नाही. आता ही जात संपली, असा लेख ते लिहीत होते. माझं चित्र त्यासाठीच होतं.

पालीच्या डोळ्यातली बाहुली बहुधा उभी फट असते, मांजरासारखी. मी काढली होती गोल बाहुली. कारण बरणीतल्या पालीचा एक डोळा पांढरा पडला असला तरी दुसरा शाबूत होता, आणि त्यात गोलच होती.

"नजर गेली असेल तर सांगा," साहेब म्हणाले. "चित्रांचं काम दुसऱ्याला देऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मनात शंकेची पाल चुकचुकलीच. मी पुन्हा भिंग लावलं, दहादा पाहिलं. गोल.

"साहेब, बाहुली गोल म्हणजे ही दिवसा हिंडणारी असेल. तुम्ही शोधत होतात तेव्हा झोपलेली असायची."

दिवसा हिंडणाऱ्या पाली असतात, पण त्या जंगलात नाहीत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, एकदा भरदुपारी जाऊ. नाही दिसली तर मी स्वतः काम सोडते.

जंगलात दाट सावली होती. जुन्या खोडांवर ओलं शेवाळ. तीन तास मी खोडंच निरखत होते आणि साहेब घड्याळ. मग एका मुळाच्या बेचक्यात काहीतरी हललं. करंगळीएवढी, शेवाळाच्याच रंगाची, बरणीतल्याच जातीची पाल आरामात मुंग्या मटकावत होती. पलीकडच्या खोडावर दुसरी. परतेपर्यंत अकरा मोजल्या. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

साहेबांनी भिंग मागून घेतलं आणि गुडघ्यांवर बसले.

"गोल आहे, बाई," ते शेवटी म्हणाले. "रबर आहे का तुमच्याकडे?"

चित्र मी पिशवीत आणलंच होतं. शेरा त्यांनी स्वतः खोडला. लाल पेन्सिल पुरती जात नाही, फिकट गुलाबी डाग उरला. तो मी तसाच ठेवलाय.