फुसाएचा कोंडा आणि जावयाचा हात

मी एक जुनी बरणी आहे. पण मित्रांनो, माळ्यावर उपडी पडलेली, कोळ्यांनी घर केलेली असली कुठली तरी बरणी समजू नका. मी कामाची बरणी आहे. जपानातल्या कोकुरा शहरात चढावरच्या कुसाबांच्या घरी स्वयंपाकघराच्या फरशीखाली एक खण आहे, तिथे माझं ठाण. माझ्या डोक्यावरून सगळं घर चालतं. पण मला विसरून त्या घरात कुणी पोटभर जेवल्याचं मला आठवत नाही.

माझा जन्म डोंगरातल्या भट्टीतला. कुंभाराने अंगावर तपकिरी झिलई ओतली, ती खांद्यावरून ओघळली आणि तशीच थिजली. बघणारे म्हणतात, हा दोष आहे. मी म्हणते, हा माझा पदर आहे.

या घरची म्हातारी फुसाए, तिच्या सासूने मला हातगाडीवरून घरी आणलं. पोटात भाताचा कोंडा भरला, मीठ घातलं, समुद्री शेवाळाची पट्टी, लाल मिरच्या आणि तिरफळासारखे झणझणीत हिरवे दाणे. संध्याकाळी माझ्यात काकडी, वांगं, मुळा पुरायचा आणि सकाळी काढून, धुऊन, चिरून ताटात वाढायचा. बांगडा नाहीतर तारली शिजायला ठेवली की तिच्यातही माझा मूठभर कोंडा जायचा. कोंड्याचा मांडा करणारी म्हणतात ना, ती मीच.

माझी अट एकच, रोजचा हात. दिवसातून एकदा कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळाचा कोंडा वर, वरचा तळाला करायचा. माझ्या पोटातला कोंडा जिवंत असतो हो! एक दिवस हात चुकला तर तो रुसतो, चार दिवस चुकला तर वरती पांढरा पापुद्रा धरतो. आणि ज्याचा हात, त्याची चव. फुसाए या घरात सून म्हणून आली ती एकविसाव्या वर्षी, आज ती एकोणऐंशी वर्षांची आहे. चढावरच्या बायका म्हणायच्या, काकडी खावी तर फुसाएच्या हातची. फुसाए वरवर म्हणायची, "छे, कसलं काय!" पण त्या दिवशी तिचा हात माझ्यात दोन वळसे जास्त फिरायचा.

तिची मुलगी सावाको सिटी बस चालवते. जावई तोमोहिसा आधी छापखान्यात होता. त्यांची लेक वाकाबा जन्मली तेव्हा दोघांनी बसून ठरवलं की सावाकोला बस सुटत नाही आणि तोमोहिसाला घर आवडतं, तर सावाकोने बस चालवावी आणि तोमोहिसाने घर चालवावं. फुसाए चार दिवस घुश्श्यात होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "जावई आहे की सून आहे ते एकदा ठरवा. सणाला काय भेट द्यायची ते मला कळेल."

खरं सांगते, तोमोहिसाचं काम लख्ख होतं. तो भात असा शिजवायचा की दाणा दाण्याला ओळख दाखवायचा पण गळ्यात पडायचा नाही. चादरी वाळत घालायचा तर कोपऱ्याला कोपरा. पण माझं झाकण उघडायची त्याला मनाई होती. "पुरुषाचा हात कोंड्याला मानवत नाही," असं फुसाएने जाहीर केलं होतं. मीही तेव्हा मान डोलावली होती. चुकले.

त्याला चित्रांचा नाद होता. आमच्या चढावर महिन्याला एक पत्रक निघतं. फळीला लावून ते घरोघर फिरतं. वाचलं की आपला शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायचं. त्या पत्रकाच्या कोपऱ्यात तोमोहिसाच्या चार चौकटी असायच्या. चार चौकटींचा मांगा, म्हणजे हसवणारी चित्रकथा, नाव 'आज घरी तोमो'. स्वतःचीच फजिती काढायचा पठ्ठ्या. शाळेतल्या आयांच्या बैठकीत हा एकटाच बाप्या, हजेरीच्या कागदावर 'आईचं नाव' लिहिलेल्या जागी बिचारा स्वतःचं नाव घालतोय. दुसऱ्या महिन्यात मासळी स्वस्त व्हायच्या वेळी बायकांच्या घोळक्यात शिरला आणि बांगड्याऐवजी कुणाची तरी पर्स घट्ट धरून बाहेर आला. फुसाए म्हणायची, "घरातली खरकटी वेशीवर घासतो मेला." पण ते पत्रक ती माझ्याशेजारी उकिडवी बसून, एक हात माझ्यात ठेवूनच वाचायची. वरती तोंड वाकडं, आणि माझ्या पोटात तिचा हात हसून हसून हलायचा. मला सगळं कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात देवळाच्या पायऱ्यांवरून फुसाए पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पुढे दोन महिने हॉस्पिटलात राहून चालायला शिकायचं. खाटेवरून तिने पहिला निरोप पाठवला तो माझा. सावाकोला म्हणाली, "कोंड्याकडे बघ." सावाको "हो" म्हणाली. पण तिची पहिली बस पहाटे सुटते आणि परतते तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. आज करू, उद्या करू, यात चौदा दिवस गेले. तोमोहिसाला वाटलं, सावाको हात फिरवतेच आहे आणि आपल्याला तर मनाईच आहे. त्यात कोकुऱ्याची ऑगस्टमधला उकाडा! मी रुसले, फुगले, शेवटी वास मारू लागले. लाज वाटते सांगायला, पण पावसात भिजलेल्या बुटांसारखा वास.

मंगळवारी जाळायचा कचरा उचलतात. त्या सकाळी तोमोहिसाने नाकाला रुमाल बांधून माझं झाकण उचललं. "बाप रे! हे तर कामातून गेलं." माणूस नीटनेटका, म्हणून घात झाला. त्याने सगळा कोंडा वर्तमानपत्रात बांधला, पाणी निथळू दिलं, नियमाप्रमाणे पिशवीत भरला आणि गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवून आला. मग कढत पाण्याने मला आतून बाहेरून घासलं आणि उन्हात उपडी घातली. वर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता कशी नवरीसारखी दिसतेस!"

नवरीसारखी! पोटचं सगळं गेलं होतं माझं.

दुपारी सावाको आली आणि अंगणात मला बघून जागच्या जागी थिजली.

"आतलं कुठाय?"

"टाकलं. सडलं होतं गं."

"सडलं नव्हतं, तोमो! वरचा पापुद्रा काढायचा, मीठ टाकायचं आणि हात फिरवायचा. तो कोंडा आईच्या लग्नापासूनचा आहे. आई तिथे जेवत नाही. व्यायाम सांगितला तर भिंतीकडे तोंड करते. घरी जाऊन कोंड्यात हात घातला की आपोआप चालेन, एवढं एकच धरून बसली आहे!"

तोमोहिसा तसाच धावत कोपऱ्यावर गेला. कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

मित्रांनो, त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि कपाळ फरशीला लावून त्याने माझी माफी मागितली. बरणीची! मोठमोठ्या मानाच्या घरांतल्या भांड्यांबद्दल मी ऐकून आहे, पण इतका मान कुणाच्या वाट्याला आला असेल असं वाटत नाही. माझा राग तिथेच निम्मा उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याने गिरणीतून ताजा कोंडा आणला, मीठ-पाणी घातलं, कोबीची बाहेरची पानं माझ्यात पुरली आणि रोज सकाळी वाकाबा शाळेत गेली की बाह्या सरसावून बसू लागला. हात मोठा, पण जपून फिरणारा. तरी कोंडा कच्चा तो कच्चाच. वाकाबाने काकडीचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "बाबा, ही खारट पेन्सिल आहे." फुसाए घरी यायला पाच आठवडे उरले होते, आणि कोंडा काही आठवड्यांत वयात येत नाही.

त्यातच पत्रकाचा दिवस आला. तोमोहिसा जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसला. सावाकोने डोकावलं.

"हे काढतोयस? वेडा झालास का? आईपर्यंत पोचेल."

"पोचू दे."

"ती तुला फाडून खाईल."

"मग निदान काहीतरी खाईल तरी," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "सावाको, हे लपवून मी तिच्यापुढे रोज भात वाढू शकणार नाही गं."

पहिल्या चौकटीत तोमो बरणी घासतोय. दुसरीत बरणी चकचकीत आणि तोमोची छाती फुगलेली. तिसरीत सावाको, तोंड एवढं उघडं की आत तिची बस मावावी. चौथीत तोमो कपाळ फरशीला लावून, आणि खाली एकच ओळ. 'आई, मी तुमचा कोंडा धुऊन टाकला.'

फळी चढावरून फिरू लागली. तिसऱ्या दिवशी वरच्या घरातल्या इवानागाआजी दारात उभ्या. वय एक्याऐंशी, काठी एका हातात, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा.

"तो धुवून टाकणारा जावई तूच का रे?"

"हो आजी, मीच."

"चेहरा चित्रातल्यासारखाच बावळट आहे. हे घे. आमच्या बरणीतला कोंडा आहे. तुझ्या नव्या कोंड्यात मिसळ, आणि रडू नकोस, मीठ जास्त होईल."

"आजी, हा तुमच्या घरचा. आईंना कळलं तर..."

"तुझ्या सासूला कळू दे. मला काय बोलते तेच बघते."

एवढं म्हणून आजी खुदकन हसल्या आणि पत्रकाची एक प्रत मागून घेऊन थेट हॉस्पिटलच्या वाटेला लागल्या.

तो कोंडा माझ्यात पडला आणि मित्रांनो, माझ्या अंगात पुन्हा ऊब आली. ही चव माझ्या ओळखीची होती. कुठली, ते मला ठाऊक होतं. पण मी घरची आहे. बायकांचं पोटात ठेवणं हेच माझं काम.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुसाए काठी टेकत स्वतःच्या पायांनी घरात आली. सरळ स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली.

"काढ तिला बाहेर."

तोमोहिसाने मला मिठीत घेऊन वर आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. फुसाएने बाही वर केली आणि हात घातला. तळापर्यंत. तिच्या बोटांना पाच आठवड्यांचा दुसरा एक हात लागला असणार, कारण ती थबकली. मग तिने काकडी काढली, पुसली आणि तशीच मोडून तोंडात टाकली. घरात फक्त तिच्या दातांचा आवाज.

"मीठ पुढे गेलंय."

"आई, मी..." तोमोहिसा खाली बसला.

"वाचलंय मी. सगळ्या वॉर्डाने वाचलंय. शेजारच्या खाटेवरची बाई टाके तुटतील इतकी हसली. दुसऱ्या दिवशी व्यायामाला गेले मी. म्हटलं, घरी लवकर गेलं पाहिजे, नाहीतर हा भिंतीसुद्धा धुऊन काढेल." तिने काकडीचा दुसरा तुकडा तोडला. "पुढच्या महिन्याचं काढलंस का?"

"नाही अजून."

"मग माझं काढ. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. सासू दहा दिवस बहिणीकडे गेली होती. मला या वासाची किळस यायची, मी हात घातलाच नाही. कोंडा मेला. परसात खड्डा खणून पुरला मी. रडत बसले होते, तेव्हा ती वरची इवानागा, तीही नवी सूनच, एप्रनमध्ये भरून त्यांचा कोंडा घेऊन आली. सासू परतली, काकडी खाल्ली आणि म्हणाली, बघा, माझ्या हाताची चव ती माझ्याच हाताची!"

सावाको खुर्ची ओढून पुढे सरकली. "आई! तू?"

"मग काय, मी आईच्या पोटातून कोंडा माखूनच आले असं वाटलं तुला? अठ्ठावन्न वर्षं कुणाला बोलले नाही. हा एका महिन्यात सगळ्या गावाला सांगून मोकळा झाला. पुरुषाच्या जातीला..." तिने तोमोहिसाचं मनगट धरलं आणि त्याचा हात माझ्यात घातला. "माझी कंबर आता वाकायची नाही. उद्यापासून हात तुझा. मी इथे खुर्चीवर बसून चुका काढीन. आणि चित्रात माझं नाक मोठं काढशील तर बघ."

त्या दिवशी माझ्या पोटात दोन घरांच्या, दोन बायकांच्या नि एका पुरुषाच्या हाताची चव होती. मी कुणाकुणाचे उपकार मानू? घासून टाकणाऱ्याचे आधी मानते. कारण त्याने कबूल केलं, म्हणून सगळ्यांची तोंडं उघडली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात रोज हात मागणारं काहीतरी असेल. झाड असेल, म्हातारं माणूस असेल, माझ्यासारखी एखादी बाई असेल. "दुसरं कुणी बघत असेल" असं म्हणू नका, विचारा. चुकून हातून मोडलंच तर कोपऱ्यावर ठेवून येऊ नका, घरात येऊन सांगा. शेजारी कुणाच्या तरी बरणीत मूठभर शिल्लक असतंच. आणि जाता जाता एक सांगते. कुठे रिकामी बरणी दिसली तर तिच्यात छत्र्या ठेवू नका. फार अपमान होतो.