कोंबडा कोणाचा?

सामोआ बेटांवरच्या आपिया शहरातल्या लुपेने एक बॉट बनवला होता आणि त्याच्यावर तिचा पोटच्या पोरासारखा जीव होता. त्याचं नाव मोआ, म्हणजे कोंबडा. जगभर पांगलेल्या, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सामोअन मंडळींचा एक ऑनलाइन ग्रुप होता, त्याच्या दारात हा मोआ बसायचा. कोणी नवीन आलं की आरवायचा आणि त्याची फिरकी घ्यायचा. परदेशातून कोणी आलं तर ठरलेलं वाक्य: "आले, पाहुणे आले! यांना कोणी चपला काढायला शिकवा रे!" आपियातली टाळकी यावर पोट धरून हसायची. हे वाक्य लुपेचंच, आणि तिला त्याचा कोण अभिमान!

शुक्रवारी वालासी आली. जन्म ब्रिस्बेनचा. वादळाची सूचना बेटावरच्या जुन्यापुराण्या फोनवर कशी पोचवायची, याचं तिने केलेलं काम तिने सगळ्यांसमोर मांडलं. ते इतकं नेटकं होतं की लुपे वाचतच राहिली. याच कामात ती वर्षभर एकटी डोकं फोडत होती. आता ही बाई मिळाली तर सुटले, असं तिला वाटतंय तोच मोआ आरवला, "आले, पाहुणे आले!"

वालासीने एवढंच लिहिलं, "माझ्या आजीची कबर सामोआतल्या लेफागात, आमच्या घराच्या दारात आहे. मी पाहुणी कशी?"

कोणी चिडलं तर माफी मागायचंही लुपेने मोआला शिकवून ठेवलं होतं. तो लगेच म्हणाला, "माफ करा हं, मी आपला साधा कोंबडा!" दोघातिघांनी हसणारे चेहरे टाकले. वालासी मात्र गप्प झाली ती झालीच. लुपेने तिला "बॉटचं काय मनावर घेता" असं लिहूनही पाहिलं.

रविवारी चर्चहून आल्यावर लुपेने जेवता जेवता आईला सगळं सांगितलं.

"पण लगेच माफी मागितली ना, आई."

"कोणी?"

"कोंबड्याने."

आईने, म्हणजे इउनीने, हातातला तारोच्या कंदाचा तुकडा खाली ठेवला. "आपलं डुक्कर शेजाऱ्याच्या वाफ्यात घुसलं तर माफी मागायला डुकराला पाठवतेस का गं? कोंबडा कोणाचा?"

माझाच, असं म्हणायलाही लुपेला लाज वाटली. ताट बाजूला सारून ती म्हणाली, "गादीखालची चटई दे."

ती रेशमासारखी मऊ चटई इउनीच्या आईने विणलेली. मोठा अपराध झाला की अपराध्याने अशी चटई डोक्यावरून ओढून समोरच्याच्या दारात बसायचं, आणि त्या घराने माफ करून ती उचलेपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

"रक्त सांडल्यावर काढतात ती!" आई कडाडली. "कोंबड्यापायी?"

"कोंबड्यापायी नाही. मी एका लेकीला तिच्याच घरात पाहुणी म्हटलं."

आई उठली आणि तिने गादी उचलली. "शिंकू नकोस तिच्यात," एवढंच म्हणाली.

अंगणात चटईखाली बसलेल्या लुपेचा फोटो आईनेच काढला. लुपेने मोआला बंद केलं, तो फोटो ग्रुपवर लावला आणि खाली लिहिलं, "वालासी, कोंबडा माझा. त्याचं बोलणंही माझंच. मी बसले आहे."

मग ती खरोखरच बसून राहिली. मित्रांनी छेडलं, "लुपे, झोपलीस की काय?" ती उत्तर देईना. उन्हं कलली, चटईखाली जीव उकडून निघाला, आणि वालासी आता येत नाही असंच तिला वाटायला लागलं. तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला.

"ऊठ बाई. उकडत असेल तुला. चटई उचलली मी."

लुपेला रडूच फुटलं, आणि इतकं बरं वाटलं की ती रडता रडता हसायला लागली.

त्याच आठवड्यात दोघी मोआला सुधारायला बसल्या. लुपे म्हणाली, "येईल त्याला विचारू, तुझं गाव कुठलं?"

"आणि ज्याचं इथे गावच नाही त्याने काय सांगायचं?" वालासीने विचारलं. "आजी रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही हाक मारायची, ये, जेवून जा. गाव नंतर, पोट भरल्यावर."

आता कोणीही आलं की मोआ आरवतो, "या, जेवून घ्या!" वालासीने हट्टाने स्वतःचं नाव मोआच्या मालकांत घालून घेतलं.

लुपेने आईला ते दाखवलं. "आता तो दोघींचा. चुकला तर दोघी बसू."

इउनीने चटईची घडी घातली आणि गादीखाली सारता सारता म्हणाली, "दोघी मावाल हिच्यात. माझ्या आईने रुंद विणलीय."