कोलाची चौथी पाकळी

“जनुक-तपासणीची रसायनं एकाच तुकड्याला पुरतील, बाबा. कोणता घ्यायचा, ते तुम्हीच ठरवा,” विभागाची तरुण प्रमुख डॉ. मोरोलाके वृद्ध तंत्रज्ञ ओलागोकेंना म्हणाली.

इबादानच्या त्या रुग्णालयात ओलागोके बत्तीस वर्षे मेंदूतल्या गाठी मेणात बसवून त्यांचे पापुद्रे कापीत आले होते. प्रत्येक गाठीचे ते चार भाग करीत. त्यांच्याकडे कौलासाठी वापरतात ती कोलाच्या झाडाची बीही चार पाकळ्यांची. देवापुढे कौल लावायचा तर चारही टाकाव्या लागतात. एकाच गाठीत पेशींची अनेक कुळे नांदतात, असे त्यांनी पूर्वीच्या प्रमुखांना सांगितले, तेव्हा त्यांचे हसे झाले होते. तेच मोरोलाकेने परदेशाहून परतून, जनुकांचे दाखले देत सांगितले आणि सारे सभागृह टाळ्या वाजवीत उभे राहिले. त्या टाळ्या ओलागोकेंच्या अंतःकरणात अद्याप धुमसत होत्या.

आजची गाठ शाळामास्तर अकिनवाले यांची. तीन भाग फिकट, सौम्य. चौथा गडद, दाट, क्रूर. ओलागोकेंनी फिकट भागाचा मेणाचा ठोकळा पुढे केला. अहवाल सौम्य येईल, मास्तर किरणोपचारावाचून घरी जातील, आणि गाठ उलटली की विदुषीचे पांडित्य उघडे पडेल. मास्तरांचे काय होईल, हा विचार त्यांनी मनाच्या उंबऱ्याबाहेरच थांबवला.

दुपारी रुग्णालयाच्या ओसरीत मास्तरांच्या पत्नीने पानात उकडलेले चवळीचे मोइन-मोइन त्यांच्या हातात दिले.

“आमचे हे म्हणतात, डॉक्टरीण पोरसवदा आहे खरी, पण तुकडे बाबांच्या हातचे आहेत. मग घोर कशाला करायचा?”

पान न उघडताच ओलागोके आत परतले. रसायन अजून ओतायचे होते.

“हा घ्या,” गडद ठोकळा ठेवीत ते म्हणाले.

“कधी नव्हे ती नजर चुकली का, बाबा?”

“नजर नाही चुकली, डॉक्टर.”

मोरोलाकेने त्यांच्याकडे पाहिले. दोन्ही ठोकळ्यांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून पुन्हा पाहिल्या. मग तिने फिकट ठोकळा बाजूला सारला.

अहवाल गंभीर आला. सोमवारपासून किरणोपचार ठरले. खाली स्वाक्षरी एकच, मोरोलाकेची.

ओलागोकेंनी सुरी पुसून जागेवर ठेवली. ठोकळ्यांच्या कपाटाची किल्ली बत्तीस वर्षे त्यांच्या गळ्यात असे. ती सोडवून, “यापुढे ठोकळे तुम्हीच निवडा, डॉक्टर,” असे म्हणत त्यांनी मोरोलाकेच्या मेजावर ठेवली आणि रिकामी दोरी सदऱ्याच्या आत सारली.