गबरूचा उजवा पंजा

मित्रांनो, मी गबरू. मी टीव्हीवरचा एक जुना वाघ आहे, असं मला सांगण्यात आलेलं आहे. तुमच्यातली अर्धी मुलं मला बोका म्हणतात. माझे पट्टे काळ्या मोज्यांचे आहेत. दात मुळीच नाहीत, कारण बारकी लेकरं घाबरतील असं कुणीतरी म्हणालं आणि ते उसवून टाकले. आता बिनदाती वाघानं स्वतःला समजावं तरी काय? माझ्या आयुष्यात असे गोंधळ पुष्कळ आहेत. पण आज एकच सांगतो, कारण त्या गोंधळापायी माझी बाई मला सोडून गेली होती.

बाई म्हणजे रंभाबाई. नागपूरजवळच्या खाप्याला त्यांनी तीस वर्षं बालवाडी शिकवली. सोफ्याच्या पिवळ्या कव्हराचे तुकडे जोडून त्यांनीच मला शिवलं. करोनात शाळा बंद होत्या त्या वर्षी नागपुरात लहान मुलांसाठी टीव्हीवर शिकवणीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि बाई मला पिशवीत घालून स्टुडिओत घेऊन आल्या.

टेबलामागे खाली बाई पाटावर बसायच्या आणि मी टेबलाच्या वर दिसायचो. त्यांचा उजवा हात माझ्या पोटात असायचा. पहिलं बोट माझ्या डोक्यात, मधलं बोट उजव्या पंजात आणि आंगठा डाव्या पंजात. पाटासमोर एक छोटा टीव्ही ठेवलेला असे, त्यात बघून त्या मला हलवायच्या. आवाजही त्यांचाच. मला मात्र कितीतरी दिवस वाटायचं की मीच बोलतो! कॅमेरा सुरू असला की मी 'मला' म्हणायचो आणि बंद झाला की 'मले'. ती सवय माझी की बाईंची, देवच जाणे.

एकदा धडा आला डाव्या-उजव्याचा. माझ्या तोंडून बाई म्हणाल्या, "हा माझा उजवा पंजा! करा बरं तुमचा उजवा हात वर!" आणि उचलला काय, तर आंगठा! म्हणजे माझा डावा पंजा! मी पार भंजाळून गेलो. मला वाटलं, चुकून झालं असेल. पण दर वेळी तसंच. उजवा म्हटलं की आंगठा वर, डावा म्हटलं की मधलं बोट वर. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं तरी बाईंच्याच तोंडानं. मी आपला निमूट पंजा उचलत राहिलो. धडा मुलांना फार आवडला. कन्हानच्या एका मुलीनं माझं चित्र काढून पाठवलं, त्यात मला सहा पाय होते. मी ते मोजून पाहिले आणि आणखीच गोंधळलो.

यंदा तो कार्यक्रम नव्यानं सुरू झाला आणि नवे साहेब आले, पियुष सर. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी जुना धडा लावला, मध्येच थांबवला आणि कपाळावर हात मारला.

"बाई, हा तर डावा पंजा उचलून उजवा म्हणून राहिला! एवढ्या लेकरांना आपण उलटं शिकवलं?"

"अहो सर, तसंच करा लागते. लेकरू समोर असलं का…"

"राहू द्या बाई," सर हळू आवाजात म्हणाले. "वय झालं की होते असं. तुम्ही आता आराम करा."

बाईंनी मला हातातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्या खाप्याला निघून गेल्या. वय काढलेलं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आणि मी? मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, पण मलाही मनातून वाटत होतं की आपण खरंच चुकीचं शिकवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मग बाईंच्या जागी भूमिका नावाची मुलगी आली. नवी, हुशार, हात हलका. सरांनी बेशाच्या एका बालवाडीतली दहा लेकरं समोर बसवली. भूमिकानं मधलं बोट उचललं, माझा खराखुरा उजवा पंजा वर झाला. "हा माझा उजवा! तुमचा उजवा हात वर करा!"

दहाच्या दहा लेकरांनी डावा हात वर केला.

"अरे, दुसरा, दुसरा!" सर ओरडले. लेकरांनी माझ्या पंजाकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग कुणी दोन्ही वर केले, कुणी दोन्ही पाठीमागे लपवले. एक पोरगी तर रडायलाच लागली. टेबलाखालून भूमिका म्हणाली, "सर, समोर बसलेली लेकरं आरशासारखं करतात. बाईंचंच बरोबर होतं."

सरांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खाप्याला गेले आणि बाईंना घेऊन आले. बाई आल्या, पण घुश्श्यातच.

"चुकलं माझं, बाई," सर म्हणाले.

"लेकराच्या समोर उभं राहाचं असलं, तर आपला डावा उचलून उजवा म्हणा लागते. बालवाडीच्या बाईले हे पहिल्या दिवशी समजते," बाई म्हणाल्या. "तुम्हाले नाही समजलं, त्याचा राग नाही मले. एकडाव विचारलं असतं ना सर, 'बाई, काहून असं करून राहिल्या?' तेवढंही नाही विचारलं तुम्ही."

सरांनी स्वतः पाट आणून टेबलामागे मांडला. बाई खाली बसल्या, भूमिकाला म्हणाल्या, "तू बी बस वं जवळ, पाहून घे." आणि त्यांचा हात माझ्या पोटात आला. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू!

मित्रांनो, कुणी जुनं माणूस उलटं काही करताना दिसलं, तर त्याचं वय काढू नका. आधी विचारा, काहून? असं का? आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.

बेशाची तीच दहा लेकरं पुन्हा समोर बसली होती. बाईंनी आंगठा उचलला. माझा डावा पंजा वर झाला आणि मी जोरात म्हणालो, "हा माझा उजवा!" मी धडधडीत खोटं बोलत होतो, आणि समोर दहा उजवे हात वर होते.