मधाच्या घरातले चार दात

कोसाराच्या वरच्या चार दातांवर तपकिरी डाग पडले, तेव्हा घराने एकमताने निदान केलं: दातच कमकुवत, घराण्यातच आहे. आईच्या तोंडात सहा कॅप, मिलेवा आत्या हसताना तोंडावर हात धरणार! एवढा भक्कम पुरावा असताना, अडीच वर्षांची पोर मध घातलेल्या चहाची बाटली तोंडात धरून झोपते, याकडे कोण कशाला बघेल?

शिवाय मध घरचा. वाल्येवो शहराच्या वरच्या उतारावर राडिसाव आजोबांच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या. मधाबद्दल वावगं बोलणारा माणूस त्या घरात जन्माला यायचा होता. तो पंधरा वर्षांपूर्वीच आलाय, हे कोसाराच्या थोरल्या बहिणीला, नेवेनालाही तोवर ठाऊक नव्हतं.

कोसाराला दातांच्या डॉक्टरणीकडे तीच घेऊन गेली, कारण बाकी सगळ्यांना अचानक फार कामं निघाली. डॉक्टरणीने दातांना औषधाचा लेप दिला आणि बजावलं, "रात्रीची गोड बाटली बंद, साखर बंद. दोन वेळा घासायचं, मोठ्या माणसाने, तांदळाएवढी पेस्ट घेऊन. घासल्यावर फक्त पाणी. सहा आठवड्यांनी या. डाग मऊ पडले, तर भूल देऊन चारही काढावे लागतील."

नेवेनाने नियम लिहून फ्रिजवर चिकटवले. सगळ्यांनी सह्या केल्या. आजोबांनी तर तारीखसुद्धा घातली.

तिसऱ्या संध्याकाळी तिने बाटली हुंगली. मध!

"आजोबा, सही कुणाची आहे ही?"

"माझीच. साखर बंद म्हणालीस ना? मध म्हणजे काय साखर आहे? औषध आहे ते!"

"मी बाटलीला हात लावला नाही हं," आत्या म्हणाली. "मी आपलं एक बिस्किट दिलं. घासायच्या आधी."

"आधी?"

"नंतर. पण लगेच नंतर."

आई कपड्यांच्या घड्या घालत खाली मान घालून बोलली, "पहिल्या दिवशी मीच दिली गं. तासभर रडत होती. मला पहाटे पाचला कारखान्याची बस पकडायची असते."

नेवेनाने कोसाराला उचलून आजोबांच्या मांडीवर आडवं टाकलं, मोबाईलचा दिवा लावला आणि वरचा ओठ हलकेच उचलला. "पुढून नाही, मागून बघा."

आजोबांनी चष्मा चढवला. दातांच्या मागे हिरडीलगत करडी रेघ होती, एका ठिकाणी टाचणी जाईल एवढं भोक.

"पोळ्याला कीड अशीच लागते," ते म्हणाले. "पुढून पेटी झकास दिसते." मग एकदम खेकसले, "तो ब्रश आण इकडे!"

दुसऱ्या दिवसापासून बाटलीत पाणी. चार रात्री कोसाराने आळी डोक्यावर घेतली, पाचव्या रात्री कंटाळून झोपली. आजोबा दोन्ही वेळा दात घासू लागले, इतक्या गंभीरपणे की जणू राणीमाशी पकडतायत.

आणि मग संत निकोलाचा दिवस उजाडला. घराण्याच्या संताचा सण, म्हणजे स्लावा: आमंत्रण कुणाला नाही आणि येणार सगळेच, प्रत्येकाच्या हातात पोरीसाठी चॉकलेट. दुपारपर्यंत एकवीस जमली. नेवेना ती हसतहसत घ्यायची आणि कपाटात कोंबायची. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर कुम द्रागुतिन आला. कोसाराचा बाप्तिस्मा याच्या हातावर झालेला, म्हणून हा कुम, म्हणजे तिचा धर्मपिता. कुमला नाही म्हणायचं नसतं. त्याने घर मागितलं तर आधी किल्ली द्यायची, मग कारण विचारायचं.

कुमने पोरीला मांडीवर घेतलं आणि मधाच्या बरणीत चमचा बुडवला. "आजोबांचं सोनं! आ कर!"

"कुम, नको!" नेवेना ओरडली.

वीस काटे ताटांवर थांबले. आईने डोळे मिटले. आत्या पुटपुटली, "मेलो आपण."

कुमचे कान लाल झाले. "राडिसाव, तुझी नात मला शिकवते? की मध खराब निघाला यंदा?"

त्या टेबलावरची निम्मी माणसं आजोबांकडूनच मध न्यायची. स्लावाला यजमानाने बसायचं नसतं, म्हणून सकाळपासून उभे असलेले आजोबा तसेच उभे राहिले, हातात माशाचं ताट.

"मध चांगलाय. पण मीच रोज रात्री पाजून तिचे दात किडवले," ते म्हणाले. "ठेव चमचा, कुम."

"मग मी माझ्या हाताने काय देऊ तिला? पाणी?"

"पाणीच दे."

कुमने प्रार्थनेला उभं राहावं तशा चेहऱ्याने पेला कोसाराच्या ओठांना लावला. ती घटाघटा प्यायली, वर ढेकर दिला. हसायला सगळ्यात आधी कुमच लागला.

चार दिवसांनी डॉक्टरणीने तपासलं. तीन दातांवरचे डाग टणक झाले होते, ते राहणार. भोक पडलेला चौथा काढावा लागला. तेवढा वेळ आजोबा बाहेरच्या बाकावर टोपी पिळत बसले होते आणि कुणाशीच बोलले नाहीत.

आता मात्र बोलतात. बाजारात मध घ्यायला आलेल्या प्रत्येक आईला आधी विचारतात, घरात लहान मूल आहे का, झोपताना काय देता. दोन गिऱ्हाइकं तर रागावून गेली. परवा नेवेना शेजारी उभी असताना एका बाईला ते ऐटीत सांगत होते, "आमच्या घरात कुणी ऐकायलाच तयार नव्हतं हो. मी पहिल्यापासून सांगत होतो!"