‘न’ म्हणजे नळाजवळ

मी एक जुना किवीचा वेल आहे आणि स्वभावाने उतावळा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, वर्षभर थांबून जेमतेम पाच-सहा दिवस फुलायचं असतं, तर तुम्हालाही धीर राहिला नसता.

रोपवाटिकेतून मी आणि दुसरी एक किवीची वेल, आम्ही दोघं एकाच दिवशी या घरी आलो. रोपवाल्याने घाईघाईत प्रत्येकाला पत्र्याची एक पट्टी बांधली होती. माझ्या पट्टीवर ‘न’, तिच्या पट्टीवर ‘मा’. न म्हणजे नर, मा म्हणजे मादी. यात न कळण्यासारखं काय होतं? पण या घरातली आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. अक्षरांच्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा!

“न म्हणजे नळाजवळ, मा म्हणजे मागे,” तिने सांगून टाकलं. “रोपवाला हुशार दिसतोय हं!”

झालं! मी पुढच्या अंगणात नळापाशी, ती स्वयंपाकघरामागे. मध्ये अख्खं घर.

माझ्या फुलांतला पराग तिच्या फुलांना लागला, तरच तिला फळ धरणार. पण आमच्या फुलांत मध नसतो, मग मधमाश्या कशाला घर ओलांडून जातील? त्या शेजारच्या लिंबावर रमायच्या. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. मागून आत्याचा आवाज यायचा, “याही वर्षी सगळी फुलं गळली गं बाई!”

यंदा राहवेना. तिच्याकडे जायचं म्हणून मी छपरावर चढू लागलो आणि पावसाच्या पाण्याची पन्हळच ओढून पाडली. आत्याचा थोरला भाऊ, दादा, भडकला.

“फुकटचं पाणी पितोय नुसता! फळ ना काही. आज याचा निकालच लावतो.”

ऐन फुलोऱ्यात त्याने करवत आणली. माझी खोडं दोन. पहिलं फुलांसकट खाली आलं. दुखलं, खूप दुखलं. पण मागे तिचीही फुलं उघडली होती आणि दिवस हातचे निघून चालले होते, हे दुःख जास्त होतं.

तेवढ्यात आत्या फुलदाणीसाठी मागची फुलं घेऊन आली. माझीही पडलेली चार उचलली. तिची नजर ती!

“दादा, थांब. मागच्या फुलात मध्ये पांढरा झुपका आहे, या वेलाच्या फुलात नाही. यात नुसती पिवळी भुकटी.”

तिने माझी पट्टी पदराने पुसली आणि मटकन पायरीवर बसली.

“न म्हणजे नर रे!”

“आणि मा म्हणजे काय, मावशी?” दादा खेकसला.

“मादी! जन्मभर लोकांच्या चुका काढल्या मी, आणि घरात ही केली...” तिचे डोळे भरून आले.

दादाने करवत खाली ठेवली. आत्याने रोपवाल्याला फोन लावून आता काय करायचं ते विचारलं. मग पडलेल्या खोडावरची उमललेली फुलं टोपलीत भरून दोघं मागे धावली.

“हलक्या हाताने फिरव झुपक्यावर. याच्या एका फुलात तिची चार-पाच होतील. एकही सोडू नकोस!”

“तू खालची बघ गं, वरची चूक मी तपासतो!” स्टुलावरून दादा म्हणाला.

मला दिसत काहीच नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मी कान लावून होतो. दर वर्षीचं ते वाक्य आता येईल, मग येईल. नाही आलं.

पानं झडायच्या दिवसांत दादा एक फळ घेऊन आला आणि माझ्या कापलेल्या खोडाशी उकिडवा बसला.

“बघ, तुझं आहे,” तो म्हणाला. “चुकलं रे माझं.”

तपकिरी, केसाळ, मुठीएवढं. या घरी आलो त्या दिवसानंतर तिला मी पाहिलेलं नाही. तेवढं एक फळ पाहिलं.

मित्रांनो, ज्याच्या अंगावर फळ दिसत नाही, त्याचं काम काय ते आधी विचारा. मलाही विचारलं, पण अर्धा कापल्यावर.