सासूबाईंच्या फॉर्मवरचं 'लागू नाही'

माझ्या सासूबाई रक्तपेढीत येतात त्या लग्नघरात आल्यासारख्या. केस चापूनचोपून बसवलेले, बाही दारातच वर. इतकी वर्षं साधं रक्त द्यायच्या. परवा पहिल्यांदाच यंत्रावर तासभर बसून प्लेटलेट दिल्या. शेजारच्या खुर्चीत सासरेही बसले, कारण बायकोच्या मागे राहणं त्यांना जमत नाही. मी तिथेच तंत्रज्ञ, त्यामुळे दोघांचं सारखं कौतुक करायची जबाबदारी माझी.

आज दुपारी डबा उघडण्याआधी त्यांचे फॉर्म फाईलला लावायला घेतले. सासऱ्यांचा: 'गर्भधारणा – लागू नाही.' बरोबर. सासूबाईंचा: 'गर्भधारणा – लागू नाही.'

पाच बाळंतपणं झालेल्या बाईला लागू नाही! त्या पाचातला तिसरा माझा नवरा आहे आणि त्याच्याशी मी रोज भांडते, म्हणजे तो झालेला आहे हे नक्की. अक्षर सासऱ्यांचं होतं. आमच्या घरात सगळे फॉर्म तेच भरतात. आधी स्वतःचा, मग तोच बघून बायकोचा, फक्त नाव आणि वय बदलून. खाली तपासल्याची सही मात्र माझी. घरचीच माणसं, म्हणून मी न वाचता ठोकली होती.

बाळंतपणांमुळे बाईच्या रक्तात कधीकधी प्रतिपिंडं तयार होतात. तिला स्वतःला त्यांचा काडीचा त्रास नसतो. पण प्लेटलेटच्या पिशवीतून ती दुसऱ्याच्या अंगात गेली, तर काही तासांत त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून मुलं झालेल्या बाईच्या प्लेटलेट आम्ही वेगळ्या चाचणीशिवाय देत नाही. ही पिशवी तशीच गेली होती, दहा मिनिटांपूर्वी, तिसऱ्या मजल्यावर.

वॉर्डचा फोन लागेना. मी धावत सुटले. जिन्यात एक चप्पल निसटली, ती राहू दिली. वॉर्डात पोचले तेव्हा पिशवी खांबाला लटकलेली आणि सिस्टरचा हात नळीच्या चापावर.

"थांबा," मी म्हणाले. म्हणजे म्हणायचं होतं. तोंडातून नुसती हवा आली.

"अगं, आधी श्वास घे."

"माझा राहू दे, त्यांचा सांभाळ. चाप उघडलास?"

"आता उघडणार होते."

खाटेवरच्या बाईंनी बिस्किट खाता खाता विचारलं, "माझी पिशवी कुठे नेताय?"

"याहून चांगली आणते," मी म्हणाले, पिशवी उराशी धरून जिन्यात येऊन बसले आणि हसत सुटले. मला इतका आनंद झाला होता की समोरून येणाऱ्या अनोळखी डॉक्टरांना मी नमस्कार केला, त्यांनीही घाबरून केला.

त्या रक्तगटाची दुसरी पिशवी शिल्लक होती ती एकच, सासऱ्यांची. ती चढवली. बाईंना काहीही झालं नाही. मी रक्तपेढीच्या साहेबांपुढे चूक कबूल केली आणि मनसोक्त बोलणी खाल्ली. सासूबाईंच्या जुन्या नोंदीही काढून पाहिल्या. त्यांच्या रक्तातल्या फक्त तांबड्या पेशी वापरल्या गेल्या होत्या, कोणालाच त्रास झाला नव्हता.

चार दिवसांनी चाचणीचा निकाल आला. प्रतिपिंडं होती, भरपूर होती. घरी सांगायचं मला फार जिवावर आलं होतं.

"म्हणजे माझं रक्त वाईट?" सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला.

"नाही हो, आई. पोटातलं बाळ निम्मं बाबांचं असतं ना. तुमच्या शरीराला तो भाग परका वाटला, म्हणून त्यानं त्याच्याविरुद्ध फौज उभी केली. ती अजून पहाऱ्यावर आहे. यापुढे प्लेटलेट नकोत, साधं रक्त चालेल."

"यांच्याविरुद्ध फौज?"

"बाबांच्याच."

सासरे खाकरले. "शेवटी पिशवी कामाला आली ती माझीच," ते म्हणाले.

सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"पाचही वेळा?"

"बहुतेक पाचही वेळा."

"आणि मी चाळीस वर्षं समजत होते, या घरात माझ्या बाजूनं कोणीच नाही," त्या म्हणाल्या आणि नवऱ्यापुढे हात केला. "पेन द्या इकडे. माझा फॉर्म मी भरते."